पडदा फाटला की पंप संपला?

जुन्या पेट्रोल जीपच्या इंजिनाला बाहेरून बोल्टांनी आवळलेला, मुठीत मावेल एवढा एक ओतीव डबा असतो. हा पेट्रोल पंप. चंद्रपूरच्या गॅरेजात त्याला सर्रास 'एसी पंप' म्हणतात, कारण जनरल मोटर्सच्या एसी स्पार्क प्लग विभागाने असे पंप बनवले आणि ती दोन अक्षरे पंपाच्या अंगावरच ओतलेली असतात. त्याचे काम सरळ आहे. कॅमशाफ्टवरचा उंचवटा फिरता फिरता पंपाची दांडी रेटतो, दांडी आतला पडदा खाली ओढते आणि टाकीतले पेट्रोल नळीतून वर चढते. मग पडद्याखालची स्प्रिंग त्याला परत वर ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. आत-बाहेर जाण्याच्या वाटांवर एकेक झडप असते. विजेचा कुठेच संबंध येत नाही. बिघाड बहुतेक वेळा पडद्यात होतो. पंपाच्या खालच्या अंगाला मुद्दाम ठेवलेले बारीक छिद्र असते. त्यातून पेट्रोल ठिबकू लागले की पडदा फाटला असे समजावे.

पुढचा प्रश्न प्रत्येक जीपमालकाला पडतो. पंप उघडून नवा पडदा घालायचा, की पंपच बदलायचा? चंद्रपुरातल्या एका जुन्या जीपवरून उतरवलेला असा पंप हे लिहिताना माझ्यासमोर आहे. निर्णय त्याच्या मालकाचा. मला मात्र पाहायचे होते की या प्रश्नाला आजवर कोणी, कुठे, कोणत्या आधारावर उत्तर दिले. ते उत्तर कागदावर आहे आणि धातूवरही आहे.

पहिला कागद अमेरिकन सैन्याचा. युद्धकाळातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपांसाठी तिथल्या युद्ध खात्याने फेब्रुवारी १९४४ मध्ये दोन वेगळ्या पुस्तिका काढल्या. टीएम ९-८०३ ही गाडी चालवणाऱ्या तुकडीसाठी होती. टीएम ९-१८०३ए इंजिन आणि त्याच्या जोडभागांची, ती ऑर्डनन्सच्या कारागिरांसाठी. आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर या विभागणीतच आहे. सैन्याने दुरुस्तीच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. तुकडीच्या मेकॅनिकने नादुरुस्त सुटा भाग काढून चालू भाग बसवायचा आणि गाडी पुढे पाठवायची. काढलेला भाग मागच्या कार्यशाळेत जायचा. तिथे तो पूर्ण सुटा होई, तपासला जाई, झिजलेले तुकडे बदलून पुन्हा उभा केला जाई. म्हणजे 'बदला' आणि 'नव्याने बांधा' ही दोन्ही उत्तरे सैन्याने एकाच वेळी दिली होती. कोणते लागू पडायचे ते गाडी आघाडीपासून किती दूर आहे यावर ठरे. पंप बदलला तरी भंगारात जात नसे, कारण मागे तो बांधणारा कोणीतरी बसलेला होता.

ही व्यवस्था एका गृहीतावर उभी होती: पुढच्या माणसाच्या पेटीत सुटा चालू पंप आहे आणि मागच्या माणसाजवळ किट, मापे आणि वेळ आहे. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलात यातले काय होते?

ते शोधायचे तर जीप इथे कधी आणि कशी आली इथून सुरुवात करावी लागते. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याचा भारतातला शिल्लक माल १९४६ च्या करारानुसार भारत सरकारकडे आला. पुढे अशा मालाची विक्री झाली आणि त्यातून सैन्याच्या जीपा नागरी हातांत गेल्या. दुसरी वाट मुंबईची. १९४५ मध्ये स्थापन झालेली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी १९४७ पासून विलीज जीपा सुट्या भागांत आणून इथे जुळवू लागली. १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. पुढे सीजे-३बी हे मॉडेल आले. ते विलीजने अमेरिकेत १९५३ मध्ये आणले होते आणि त्यात २.२ लिटरचे, इनटेक झडपा डोक्यात असलेले हरिकेन इंजिन बसवण्यासाठी बॉनेट उंच केले होते. महिंद्राने हेच मॉडेल परवान्यावर इथे बनवले आणि पुढची कित्येक दशके चालवले. आज चंद्रपूर-गडचिरोलीत दिसणारी उंच बॉनेटची जुनी जीप या घराण्यातली.

शोधकाम करणाऱ्याला या प्रदेशाने एक चांगली सोय करून ठेवली आहे. इथल्या प्रशासनाची नावे इतक्या वेळा बदलली की कागदावरच्या एका शिक्क्यावरून त्याचा काळ सांगता येतो. पावतीवर 'महिंद्रा अँड मोहम्मद' असेल तर ती १९४८ किंवा त्याआधीची. नोंदणी-पुस्तकात राज्य मध्य प्रदेश असेल तर ते १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचे, कारण त्या दिवशी चांदा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र असेल तर १ मे १९६० नंतरचे. जिल्ह्याचे नाव 'चांदा' असेल तर बहुधा साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे, पुढे 'चंद्रपूर' रूढ झाले. हा निकष जरा जपून वापरावा लागतो, कारण जुने शिक्के कार्यालयांत संपेपर्यंत चालतात. गडचिरोलीचा शिक्का असेल तर कागद २६ ऑगस्ट १९८२ नंतरचा, जिल्हा त्या दिवशी वेगळा झाला. क्रमांक एमएच ३४ किंवा एमएच ३३ ने सुरू होत असेल तर ती नोंद १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची, आणि तो कायदा १ जुलै १९८९ ला अमलात आला. घरात जुनी जीप असेल तर तिची कागदपत्रे या क्रमाने लावून बघा. गाडीचा अर्धा इतिहास तिथेच उलगडतो.

पंपाचा इतिहास मात्र नोंदणी-पुस्तकात येत नाही. तो यायचा लॉगबुकात आणि दुरुस्तीच्या वहीत. सरकारी वाहनाच्या लॉगबुकात तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, किती पेट्रोल आणि प्रवास करणाऱ्याची सही अशा नोंदी असतात. दुरुस्त्यांची नोंदवही वेगळी असते. चांद्याच्या जंगलात जीपचा मोठा वापर वन, महसूल, बांधकाम आणि पोलीस या खात्यांचा होता. त्यामुळे 'पंप दुरुस्त केला' की 'पंप नवा बसवला' ही ओळ याच वह्यांत कुठेतरी असणार. पण कार्यालयीन अभिलेखांची 'अ' ते 'ड' अशी वर्गवारी होते. 'अ' वर्गातले कागद कायम राहतात, बाकीच्यांना मुदत असते. जीपचे लॉगबुक कोणी कायम ठेवायच्या गठ्ठ्यात बांधत नाही. गाडीचे निर्लेखन झाले, लिलाव झाला, की तिच्या वह्यांचीही मुदत भरते. त्यावर १६ जानेवारी २०२३ ची केंद्राची अधिसूचना आली. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू राहणार नाही, असे तिने ठरवले. संरक्षण आणि सुरक्षेच्या विशेष वाहनांना सूट होती. कार्यालयाच्या आवारात उभ्या असलेल्या उरल्यासुरल्या गाड्यांचाही निकाल त्यात लागला.

ही पोकळी भरायला दोन आधार हाताशी आहेत. पहिला भूगोलाचा. आलापल्लीच्या सागवानाच्या पलीकडे भामरागडकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की बंद पडतो, हे आजही दर वर्षी बातम्यांत येते. २३ डिसेंबर १९७३ ला भामरागडजवळच्या हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा हा भाग पावसाळ्यात महिनोन् महिने बाहेरच्या जगापासून तुटलेला असे. मुंबईहून सुटलेले पार्सल रेल्वेने वर्ध्यावरून चांद्याला आणि बल्लारशाला येणार. तिथून पुढे वाट रस्त्याची, आणि रस्ता तर जीपवरच अवलंबून. जीपच बंद असेल तर जीपचा पंप आणायचा कोणी? दुसरा आधार व्यापाराचा. १९५७ च्या परकीय चलन टंचाईनंतर आयातीवर परवान्यांचा कडक अंमल आला. परदेशी सुटा भाग हवा म्हणून मिळत नव्हता, आणि देशी भाग शहरातल्या दुकानांपर्यंतच पोचत होता. हे दोन्ही धागे जोडले तर माझे अनुमान असे: सैन्याच्या पुस्तिकेतली 'पुढे बदला, मागे बांधा' ही व्यवस्था चांद्याच्या जंगलात उलटी झाली असावी. सर्वात पुढचा माणूसच पंप उघडत असावा, कारण त्याच्या मागे कोणतेही कोठार नव्हते. हे अनुमान आहे आणि त्याला लेखी दुजोरा देणारी वही माझ्या हाती नाही. म्हणून मी वळलो समोरच्या पंपाकडे.

हा पंप दोन अर्धुकांचा आहे. वरचे झाकण आणि खालचे अंग, मध्ये पडदा, आणि कडेने गोल फिरणारे स्क्रू. दुरुस्तीच्या जवळपास सगळ्या पुस्तिकांत एक सूचना असते: उघडण्याआधी दोन्ही अर्धुकांच्या कडेवर कानशीने एक आडवी खूण करा, म्हणजे परत जोडताना झाकण त्याच दिशेने बसेल. झाकणाची दिशा चुकली तर नळ्यांची तोंडे भलतीकडे जातात. या पंपावर अशा दोन खुणा आहेत. एक खूण अखंड आहे, वरच्या कडेवरून थेट खालच्या कडेवर उतरते. दुसरी तुटलेली आहे. तिचा वरचा अर्धा एका स्क्रूजवळ आहे आणि खालचा अर्धा त्याच्यापासून दूर, दुसऱ्या स्क्रूजवळ.

या दोन रेघांतून तीन गोष्टी कळतात. पंप निदान दोनदा उघडला गेला, हे निश्चित. पहिल्यांदा उघडणाऱ्याने खूण केली आणि तरी झाकण वेगळ्या दिशेने बसवले गेले, हेही निश्चित. ज्याने खूण केली तो निष्काळजी नसणार. म्हणजे झाकण मुद्दाम फिरवले असावे, आणि झाकण मुद्दाम फिरवायचे कारण सहसा एकच असते: नळीची दिशा वेगळी असलेल्या इंजिनावर पंप बसवायचा होता. तिसरी गोष्ट म्हणूनच संभाव्य, निश्चित नव्हे: हा पंप आधी दुसऱ्या गाडीवर होता आणि तिथून या जीपवर आला. स्क्रूही तेच सुचवतात. त्यांची डोकी दोन प्रकारची आहेत आणि काहींच्या खाचा जुन्या झिजेने गोल झाल्या आहेत. बदललेल्या स्क्रूंखाली वायसर वेगळे आहेत.

आत पाहिले तर पडदा काळ्या रबराचा लेप दिलेल्या कापडाच्या थरांचा आहे. सगळ्या थरांची भोके स्क्रूंशी बरोबर जुळतात, आणि मधल्या दांड्याभोवती, जिथे पडदा सतत वाकतो, तिथे बारीक चीर आहे. पेट्रोल याच चिरेतून उतरत होते. खालच्या छिद्राभोवतीचा तपकिरी डाग सांगतो की ते बराच काळ उतरत होते. पडद्याच्या कडेवर मात्र घडी किंवा ताणाचा वळ नाही. यावरून शेवटच्या कारागिराच्या हाताबद्दल कळते. एसी पंप जोडण्याची पद्धत अशी आहे की स्क्रू आधी सैल लावायचे, दांडी पूर्ण दाबून पडदा हवा तितका खाली घ्यायचा आणि मगच स्क्रू आवळायचे. हे न करता आवळले तर पडदा ताठ बसतो आणि थोड्याच दिवसांत कडेने फाटतो. हा पडदा मधोमध, त्याच्या नैसर्गिक झिजेने गेला. पंप शेवटी ज्याने बांधला त्याला काम येत होते. त्याचे नाव कोणत्याही वहीत नसेल, पण त्याची सही या कडेवर आहे.

एवढ्यावरून माझे अनुमान सिद्ध झाले असे म्हणणार नाही. एका पंपावरून जिल्ह्याचा रिवाज ठरत नाही. पण अनुमानाला बळ नक्की मिळते. इथे निदान एका पंपाचे आयुष्य एका गाडीच्या आयुष्याहून लांब ठरले आणि ते उघडून-बांधूनच लांबले.

आता मालकाचा निर्णय. इथे आजचे दोन दस्तऐवज मध्ये येतात आणि त्यांनी प्रश्न १९४४ पेक्षा वेगळा केला आहे.

पहिला जुलै २०२१ चा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी आणली. वाहन पन्नास वर्षांहून जुने असावे, मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षे. आधी नोंदणी झालेल्या वाहनाला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पंप बदलल्याने ही पात्रता जाईल असे नियमात कुठेही म्हटलेले नाही, आणि मला वाटते जाऊही नये. पण नियमाचा रोख मूळपणावर आहे. या भागातल्या कितीतरी पेट्रोल जीपांत नंतर डिझेल इंजिने बसली, त्यामुळे मूळ पेट्रोल इंजिनासकट टिकलेली जीप आता दुर्मिळ आहे. अशा गाडीवर ओतीव 'एसी' अक्षरांचा जुना पंप असणे हा तिच्या मूळपणाचा एक पुरावा ठरतो.

दुसरा दस्तऐवज त्याच वर्षीच्या जूनमधला, नीती आयोग आणि पेट्रोलियम मंत्रालयाचा इथेनॉल मिश्रणाचा आराखडा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल नेण्याचे वेळापत्रक त्यात आहे. अशा पेट्रोलला, म्हणजे ई२० ला, टिकणाऱ्या साहित्याच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून याव्यात असे तो सुचवतो. याचा अर्थ त्याआधीच्या गाड्यांतले रबर, कॉर्क आणि काही धातू हे इंधन गृहीत धरून निवडलेले नव्हते. २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले. चंद्रपुरात पेट्रोल भरायच्या पंपांवरही आता हेच पेट्रोल आहे. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि मऊ करते, हवेतले पाणी ओढून घेते, आणि पोलादी टाकीत वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर सोडवून जाळीत आणून अडकवते. यात चंद्रपूरचा मे महिना मिळवा. पारा ४७-४८ अंशांवर गेला की पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी चढावर बंद पडते. पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा जुना उपाय आजही चालतो.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की प्रश्न नेमका होतो. जुने अंग ठेवायचे आणि आतले साहित्य बदलायचे. किटच्या दुकानात 'जुन्या जीपचा पडदा' मागून भागणार नाही. ई२० ला टिकणारा, फ्लुओरो-रबराचा पडदा आणि त्याच जातीच्या झडपा आहेत का, हे विचारून घ्यावे. जुन्या पुस्तिकांत पडदा बसवण्याआधी रॉकेलमध्ये भिजवायची सूचना असते. ती कापडी पडद्याची. नव्या पडद्याला किटसोबतच्या चिठ्ठीत जे लिहिले असेल ते पाळावे.

पण त्याआधी पंप खरोखर दोषी आहे का ते पाहावे. कारखान्याच्या पुस्तिका पेट्रोल पोचत नसेल तर आधी टाकी, मग नळीची गळती, मग नळीचे मोडलेले वळण, मग गाळाची वाटी आणि जाळी तपासायला सांगतात, पंप उतरवणे सर्वात शेवटी. हा क्रम ८० वर्षांनंतरही बरोबर आहे. ई२० च्या काळात तर जाळी आधी पाहावीच, कारण टाकीतून सुटलेला मळ तिथेच अडकतो.

नवा पंप कधी घ्यावा? पंपाचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते. त्याला तडा असेल, किंवा दांडी ज्या खिळीवर झुलते तिची भोके लंबगोल झाली असतील आणि कारागिराला तिथे बुश बसवता येत नसेल, तर. झाकणाची कड थोडी वाकली असेल तर ती सपाट काचेवर पॉलिशपेपर ठेवून घासता येते, तेवढ्यासाठी अंग टाकू नये. बाजारातले बरेच नवे पंप दाबून कायमचे बंद केलेले असतात, ते पुढच्या वेळी उघडता येत नाहीत. विजेचा पंप लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याचा दाब जुन्या कार्ब्युरेटरच्या सुईला पेलेल एवढाच आहे याची खात्री करावी लागते, आणि अपघातात इंजिन बंद पडले तरी तो पेट्रोल ढकलत राहतो, म्हणून आपोआप तोडणारा स्विच हवाच.

समोरच्या पंपाच्या अंगाला तडा नाही. खिळीची भोके गोल आहेत. माझा निकाल: उघडा, नवा पडदा घाला, तिसरी खूण करू नका, अखंड खूण आहे तीच वापरा. जुनी तुटलेली खूण घासून काढू नका. बसवण्याआधी आत येणाऱ्या तोंडावर बोट ठेवून दांडी हलवा, ओढ टिकते का पाहा, आणि बसवल्यावर दाब गेजवर मोजा.

आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना एक विनंती. घरात, गॅरेजात किंवा निवृत्त वाहनचालकाच्या ट्रंकेत जीपचे लॉगबुक, दुरुस्तीची वही किंवा सुट्या भागांची पावती असेल तर ती रद्दीत घालू नका. तिची छायाप्रत करून गावच्या ग्रंथालयात द्या, आणि पावतीच्या मागे गाडीचा क्रमांक लिहायला विसरू नका.